वैद्यकीय शिक्षकांसाठी प्रोफेशनॅलिझमचं प्रशिक्षण: भाषण कमी, तालीम जास्त

वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षकांसाठी प्रोफेशनॅलिझमचं, म्हणजे डॉक्टरी पेशाला साजेशा वागणुकीचं, प्रशिक्षण ठरलं की पुढचं चित्र बहुतेक ठरलेलं असतं. सभागृहात शे-दीडशे शिक्षक, मंचावर बाहेरून आलेले वक्ते, पडद्यावर सचोटी, करुणा, उत्तरदायित्व अशा शब्दांची यादी आणि शेवटी प्रमाणपत्रं. त्या यादीशी कुणाचं भांडण नसतं, आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डात काही बदललेलंही नसतं.

कारण शिक्षक अडतो तो मूल्यं माहीत नसल्यामुळे नव्हे. राउंडवर सहकाऱ्याने पेशंटसमोर इंटर्नचा पाणउतारा केला, तर त्या क्षणी तोंडातून नेमकं कोणतं वाक्य काढायचं? विद्यार्थ्याने न मोजताच केसपेपरवर बीपी लिहिलं, तर मूल्यमापनाच्या फॉर्मवर ते कसं नोंदवायचं? उपचारात झालेली चूक नातेवाइकांना सांगताना शेजारी उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांना त्यातून काय दाखवायचं? ही सगळी कौशल्यं आहेत. टाका घालायला शिकवताना आपण स्लाइड दाखवून थांबत नाही, हातात सुई देतो. इथेही तेच करायला हवं. ते सत्र कसं आखायचं आणि ते कुठे फसतं, याबद्दल सविस्तर लिहितो आहे.

आधी शंकेखोरांसाठी

प्रत्येक सत्रात दोन-तीन ज्येष्ठ शिक्षक असतात, ज्यांना हा सगळा वेळेचा अपव्यय वाटतो. त्यांच्याशी तत्त्वज्ञान बोलू नका, पुरावा ठेवा. मला तीन अभ्यास पुरेसे वाटतात.

पहिला २००५ सालचा, पापाडाकिस आणि सहकाऱ्यांचा. अमेरिकेतल्या तीन वैद्यकीय महाविद्यालयांचे २३५ पदवीधर, ज्यांच्यावर पुढे वैद्यकीय परिषदांनी शिस्तभंगाची कारवाई केली होती, त्यांची तुलना कारवाई न झालेल्या ४६९ डॉक्टरांशी केली गेली. कारवाई झालेल्यांच्या कॉलेजमधल्या फाइलींत अव्यावसायिक वर्तनाच्या नोंदी असण्याची शक्यता सुमारे तिप्पट निघाली. गंभीर बेजबाबदारपणाचा संबंध सर्वांत घट्ट होता. पण हा आकडा सांगताना एक खबरदारी घ्याच. हा केस-कंट्रोल अभ्यास आहे, म्हणजे कारवाई झालेल्यांपासून सुरुवात करून मागे वळून पाहणारा. नोंद झालेल्यांपैकी किती जण पुढे बिघडले हे तो सांगत नाही. नोंद झालेले बहुतेक विद्यार्थी पुढे व्यवस्थित डॉक्टर होतात. 'याच्याबद्दल तक्रार आली, म्हणजे हा वायाच जाणार' असा अर्थ कुणी काढला, तर प्रशिक्षणाने नुकसानच केलं असं समजा.

दुसरा २०१५ सालचा, रिस्किन यांचा. नवजात अतिदक्षता विभागातल्या २४ टीमना सिम्युलेशनमध्ये, म्हणजे खऱ्यासारख्या उभ्या केलेल्या सराव-प्रसंगात, अत्यवस्थ बाळ हाताळायला दिलं. काही टीमना बाहेरच्या तज्ज्ञाकडून हलकेसे अपमानकारक शेरे ऐकवले गेले. ना आरडाओरडा, ना शिव्या. तरीही त्या टीमचं निदान आणि प्रत्यक्ष उपचार दोन्ही घसरले, कारण माणसं एकमेकांना माहिती सांगेनाशी झाली आणि मदत मागेनाशी झाली. 'आम्हीही ओरडा खाऊनच शिकलो' म्हणणाऱ्यांसमोर हा अभ्यास ठेवा. उद्धटपणाची किंमत पेशंट मोजतो, हे त्यात स्वच्छ दिसतं.

तिसरा जुना आहे, १९९४ चा. पेनसिल्व्हेनियातल्या सहा महाविद्यालयांच्या क्लिनिकल वर्षांतल्या विद्यार्थ्यांची ही पाहणी. ९८ टक्के विद्यार्थ्यांनी डॉक्टरांना पेशंटबद्दल तुच्छतेने बोलताना ऐकलं होतं, आणि ६२ टक्क्यांना आपली काही नैतिक तत्त्वं झिजली किंवा हरवली असं वाटत होतं. त्याच वर्षी हॅफर्टी आणि फ्रँक्स यांनी वैद्यकीय शिक्षणातल्या 'छुप्या अभ्यासक्रमा'वर लिहिलं: वर्गात शिकवलं जातं ते वेगळं, आणि कॉरिडॉरमध्ये, ओटीत, ड्युटी रूममध्ये मुलं उचलतात ते वेगळं. हा दुसरा अभ्यासक्रम शिक्षकच चालवत असतात, बहुतेकदा नकळत.

तयारी: खरं काम इथेच

सत्राच्या तीन आठवडे आधी प्रसंग गोळा करायला सुरुवात करा. विद्यार्थी, इंटर्न, रेसिडेंट, सिस्टर आणि शिक्षक यांच्याकडून निनावी फॉर्मवर तीनच प्रश्नांची उत्तरं मागवा. काय घडलं? तिथे कोणकोणत्या पदाची माणसं होती? तुम्ही काय केलं? नावं मागू नका, आणि कुणी लिहिली तर फॉर्म पुढे पाठवण्याआधी खोडा.

आलेल्या प्रसंगांतून आठ निवडा. निदान चार असे हवेत, ज्यांत उत्तर सरळ नाही. सगळेच प्रसंग 'डॉक्टरने शिवी दिली' छापाचे असले, तर सगळे माना डोलावतात आणि शिकत काहीच नाहीत. त्यापेक्षा असा प्रसंग घ्या: पेशंट भुलीखाली आहे, शिकण्यासाठी आतली तपासणी करायला विद्यार्थ्याला सांगितलं गेलं, पेशंटला आधी विचारलं होतं की नाही हे त्याला माहीत नाही, आणि सर्जन घाईत आहेत. किंवा रात्रपाळी करून आलेला रेसिडेंट सिस्टरवर खेकसला आणि नंतर स्वतःहून माफी मागून आला. किंवा विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक्स-रे आला, नाव झाकलेलं, पण कोपऱ्यात नोंदणी क्रमांक स्पष्ट. आठांतला एक प्रसंग उत्तम वागणुकीचा ठेवा. चांगलं वागणं शब्दांत पकडता येणं हेही शिकावंच लागतं.

मग प्रत्येक प्रसंगातला विभाग, आजार, माणसांचं लिंग, वेळ बदला. बदललेला मजकूर दोन वेगवेगळ्या विभागांतल्या माणसांना वाचायला द्या आणि विचारा, 'हे कोण असेल, ओळखू येतंय का?' ही पायरी गाळली की सत्र हमखास फसतं. एखादा प्रसंग ओळखीचा निघाला तर खोली गप्प होते, सगळ्यांच्या नजरा एका खुर्चीकडे वळतात आणि पुढचे दोन तास वाया जातात.

एका सत्रात २४ पेक्षा जास्त माणसं घेऊ नका. सहा-सहांचे चार गट करा. विभाग मिसळा, पण विभागप्रमुख आणि त्यांच्याच हाताखालचा सहायक प्राध्यापक एका गटात बसवू नका. विभागप्रमुखांचं सत्र सर्वांत आधी घ्या. त्यांना सूट दिली तर बाकीच्यांना निरोप पोचतो की हे खालच्यांसाठी आहे. शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन या विषयांच्या शिक्षकांनाही बोलवा. त्यांना वगळण्याची पद्धत मला अजिबात पटत नाही. विद्यार्थ्याच्या आयुष्यातला पहिला 'पेशंट' म्हणजे डिसेक्शन हॉलमधला देह, आणि त्याच्याशी कसं वागायचं हे तिथेच ठरतं. प्रॅक्टिकलच्या जर्नलमधली नक्कल, प्रॉक्सी हजेरी, शोधनिबंधावर काम न करता नाव लावणं हे सगळं पहिल्या वर्षापासून विद्यार्थी पाहत असतात.

सूत्रसंचालनाला दोघं हवेत. त्यातली एक व्यक्ती शक्यतो वरिष्ठ सिस्टर असावी. डॉक्टरांच्या वागण्याबद्दल डॉक्टरांना जे दिसत नाही ते त्यांना दिसतं.

साडेतीन तासांची आखणी

व्याख्येला वीस मिनिटं, त्याहून एकही जास्त नाही. २००२ मध्ये अंतर्गत वैद्यक क्षेत्रातल्या अमेरिकी आणि युरोपीय संस्थांनी मिळून काढलेला फिजिशियन चार्टर, म्हणजे डॉक्टरांच्या वागणुकीची सनद, याला पुरतो. त्यात तीन तत्त्वं आहेत: पेशंटचं हित सर्वांत आधी, पेशंटची स्वायत्तता आणि सामाजिक न्याय. त्याखाली दहा बांधिलक्या आहेत. पेशंटशी प्रामाणिकपणा, गोपनीयता, हितसंबंधांचा संघर्ष नीट हाताळणं वगैरे. प्रत्येक गटाला दोन-दोन बांधिलक्या द्या आणि एकच काम सांगा: 'ही बांधिलकी पाळली जाते तेव्हा वॉर्डात काय दिसतं, काय ऐकू येतं, ते लिहा.' 'आदर' असं लिहिलं तर परत पाठवा. 'तपासण्याआधी पडदा ओढला' असं लिहिलं तर घ्या.

त्यानंतर चाळीस मिनिटं प्रसंगांवर चर्चा. गटाला दोन प्रसंग पुरतात. 'चूक कोणाची' या प्रश्नावर गाडी अडकते, म्हणून प्रश्न असा द्या: 'या माणसाला इथे कोणत्या दोन गोष्टी एकाच वेळी सांभाळायच्या होत्या?' अव्यावसायिक वागणं अनेकदा दोन चांगल्या हेतूंच्या ओढाताणीतून येतं. पेशंटशी खरं बोलायचं आणि वरिष्ठांचा शब्दही मोडायचा नाही, अशा कात्रीत विद्यार्थी रोज सापडतो. शिक्षकाला ही कात्री दिसली की त्याच्या प्रतिक्रियेचा सूर बदलतो.

मग पंचेचाळीस मिनिटं नोंद लिहिण्याचा सराव, पंधरा मिनिटांची सुट्टी, सत्तर मिनिटं संवादाची तालीम आणि उरलेली वीस मिनिटं तक्रारीच्या मार्गावर. लेखन आणि तालीम हा सत्राचा गाभा आहे. उशीर झाला तर चर्चा कापा, हे दोन भाग कापू नका.

नोंद लिहिणं

२००५ मध्ये ओटावा विद्यापीठातल्या ड्युडेक आणि सहकाऱ्यांनी क्लिनिकल शिक्षकांना विचारलं की विद्यार्थी कमी पडतोय हे दिसत असूनही तुम्ही नापास का करत नाही. चार कारणं पुढे आली. पुरेशी नोंद नसते, नेमकं काय नोंदवायचं ते माहीत नसतं, विद्यार्थी अपील करेल याची धास्ती असते, आणि सुधारणेसाठी त्याला पाठवायचं कुठे हे ठाऊक नसतं. पहिली दोन कारणं या पंचेचाळीस मिनिटांत बरीच दूर करता येतात, आणि नोंद पक्की असली की तिसऱ्याचीही धार कमी होते.

तीन मिनिटांचा प्रसंग दोघांकडून प्रत्यक्ष करून घ्या. सगळ्यांनी त्यावर चार ओळी लिहायच्या. पहिल्या खेपेला हमखास असं येतं: 'बेजबाबदार. ॲटिट्यूड चांगला नाही. कामात रस नाही.' आता एकच कसोटी लावा. कॅमेरा आणि माइक ठेवला असता तर हे त्यात आलं असतं का? 'रस नाही' कॅमेऱ्यात येत नाही. 'रात्री ९ ते ९.४० मध्ये तीन फोन केले, उत्तर नाही, ९.४५ ला वॉर्डात आला. तोवर बेड १२ चं पोटॅशियम कुणी पाहिलं नव्हतं' हे येतं. दुसरी नोंद अपिलात टिकते, पहिली टिकत नाही.

चांगल्या नोंदीत पाच गोष्टी असतात: तारीख, वेळ आणि जागा, काय पाहिलं किंवा ऐकलं, त्याचा परिणाम, विचारल्यावर विद्यार्थ्याने काय सांगितलं, आणि तुम्ही त्याला काय सांगितलं. चौथी गोष्ट सर्वाधिक वेळा राहून जाते आणि तिथेच अन्याय होतो. फोन न उचलणारा मुलगा कदाचित दुसऱ्या मजल्यावर सीपीआर देत होता. विचारल्याशिवाय लिहू नका. नोंद दोन दिवसांच्या आत लिहा आणि विद्यार्थ्याला दाखवा. त्याच्या पाठीमागे साठवत नेलेली फाइल वर्षाअखेरीला बाहेर काढणं हेच मुळात अव्यावसायिक आहे.

तयार साधन हवं असेल तर मॅकगिल विद्यापीठात तयार होऊन २००६ मध्ये प्रसिद्ध झालेलं पी-मेक्स चांगलं आहे. निरीक्षकाने विद्यार्थ्याचं वागणं पाहून भरायचा हा फॉर्म. त्यात २४ वर्तनं चार गटांत मांडली आहेत: डॉक्टर-पेशंट संबंध, आत्मपरीक्षण, वेळेचं नियोजन आणि इतर व्यावसायिकांशी संबंध. प्रत्येकाला चार पातळ्या आहेत, शिवाय 'पाहिलं नाही' हा पर्यायही आहे. तो वापरायला शिकवा, कारण न पाहिलेल्या गोष्टीला 'अपेक्षेप्रमाणे' असा शेरा देण्याची सवय फार खोल असते. एका निरीक्षणावर निकाल देऊ नका. वेगवेगळ्या निरीक्षकांनी वेगवेगळ्या जागी भरलेले अनेक फॉर्म जमले की मगच त्यांतून काही खरं दिसू लागतं.

बोलण्याची तालीम

तिघांचे गट करा: एक बोलणारा, एक ऐकणारा, एक निरीक्षक. चार मिनिटं संवाद, चार मिनिटं प्रतिसाद, मग भूमिका बदला. तीन फेऱ्या झाल्या की दुसरा प्रसंग. पहिल्या प्रसंगात विद्यार्थ्याशी बोलायचं आहे, दुसऱ्यात बरोबरीच्या सहकाऱ्याशी. दुसरा कितीतरी अवघड जातो.

क्रम साधा आहे. एकांतात गाठा, वेळ मागा, पाहिलेलं वर्तन सांगा, त्याचा परिणाम सांगा आणि गप्प बसा. उदाहरणार्थ: 'सर, पाच मिनिटं आहेत का? सकाळच्या राउंडबद्दल बोलायचं होतं. बेड १२ पाशी तुम्ही त्या इंटर्नला, तुला ॲडमिशन कुणी दिली, असं विचारलंत. त्यानंतरच्या सहा पेशंटबद्दल तिने तोंडच उघडलं नाही.' एवढंच. मुद्दा पहिल्या मिनिटात यायला हवा. गप्प बसणं सर्वांत कठीण जातं. निरीक्षकाला घड्याळ देऊन बोलणारा किती सेकंद थांबला ते मोजायला लावा. बहुतेक जण तीन सेकंदांत स्वतःच सारवासारव सुरू करतात: 'म्हणजे तुमचा हेतू तसा नसणारच, मला कळतं...' आणि सगळं बोलणं तिथेच विरून जातं.

इतरही चुका ठरलेल्या आहेत. 'लोक म्हणतात' अशी सुरुवात केली की समोरचा आधी ते लोक कोण हे शोधू लागतो. वर्तनाऐवजी स्वभावावर बोट ठेवलं की भांडण होतं. समोरून 'इथे कामाचा ताण किती आहे बघितलंत का' आलं की बोलणारा त्याच वादात ओढला जातो. यावर उपाय असा: 'ताण आहे, मान्य. त्याबद्दल वेगळं बोलू. आत्ता बेड १२ चं बोलू या.'

कनिष्ठ शिक्षकाने वरिष्ठाला गाठून सुनवावं अशी अपेक्षा प्रशिक्षणात ठेवू नका, ती अन्यायकारक आहे. त्यांना त्या क्षणी वापरता येतील अशी दोन वाक्यं द्या. 'सर, हे बाहेर जाऊन बोलू या का? पेशंट ऐकतायत.' किंवा 'हिला घेऊन मी रिपोर्ट बघून येतो.' दोन्हींमुळे प्रसंग थांबतो आणि कुणाची मानहानी होत नाही. पुढचं काम तक्रारीच्या मार्गाने व्हायला हवं.

याच भागात आणखी एक छोटा सराव घाला: चांगलं वागणं बोलून दाखवण्याचा. चांगला शिक्षक पडदा ओढतो, पेशंटला स्वतःची ओळख सांगतो, 'मला माहीत नाही, बघून सांगतो' म्हणतो. पण विद्यार्थ्याचं लक्ष ईसीजीकडे असतं, त्याच्या नजरेतून हे निसटतं. म्हणून खोलीत शिरण्याआधी एक वाक्य: 'आज वाईट बातमी सांगायची आहे, मी कुठे थांबतो ते बघा.' बाहेर आल्यावर दोन मिनिटं: 'काय दिसलं?' एवढ्याने आदर्श दिसू लागतो.

मार्ग नसेल तर प्रशिक्षण देऊ नका

हे मी जाणूनबुजून कठोरपणे लिहितो आहे. शिक्षकांना नोंदवायला शिकवलं, आणि नोंद कुठे द्यायची, कोण वाचणार, किती दिवसांत उत्तर येणार हे ठरलेलं नसलं, तर पुढच्या वेळी कुणी लिहिणार नाही. व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या हिक्सन यांनी २००७ मध्ये मांडलेली उतरंड इथे उपयोगी पडते. एकटदुकट प्रसंग असेल तर बरोबरीच्या सहकाऱ्याने कॉफी घेता घेता केलेलं अनौपचारिक बोलणं. तेच पुन्हा पुन्हा घडत असेल तर आकडे समोर ठेवून जाणीव करून देणं. तरीही बदल नसेल तर अधिकाऱ्याने लेखी सुधारणा योजना देणं, आणि त्यानंतर शिस्तभंगाची कारवाई. बहुतेक माणसं पहिल्या-दुसऱ्या पायरीवरच सावरतात, कारण आपण कसे दिसतो हे त्यांना कुणी कधी सांगितलेलंच नसतं.

मात्र लैंगिक छळ, मारहाण, नशेत ड्युटीवर येणं, पेशंटच्या जिवाला थेट धोका यांतलं काहीही असेल तर कॉफी नाही. थेट औपचारिक तक्रार. हे सत्रात मोठ्याने आणि दोनदा सांगा.

उतरंड कोसळते ती एकाच कारणाने: ज्याच्याकडे सर्वांत जास्त पेशंट किंवा सर्वांत जास्त संशोधन निधी आहे, त्याला सूट मिळते. एक सूट दिली की सगळ्या कॉलेजला ती आठवडाभरात कळते.

उलट्या बाजूचा धोकाही तितकाच खरा आहे. कपडे, केस, बोलण्याची ढब, 'फार प्रश्न विचारते' अशा गोष्टींसाठी प्रोफेशनॅलिझमचा बडगा वापरला जातो. औषधाचा डोस चुकतोय हे सांगणाऱ्या विद्यार्थिनीला 'उद्धट' असा शेरा मिळाला, तर दोष त्या शेऱ्यात आहे. नोंदी वाचणाऱ्या समितीने दर सहा महिन्यांनी पाहावं की एखाद्याच गटातल्या विद्यार्थ्यांवर जास्त नोंदी येतायत का, आणि एकच शिक्षक त्यातल्या बहुतेक लिहितोय का.

उपयोग झाला का, हे कसं कळणार

सत्राच्या शेवटी भरून घेतलेले 'आवडलं' फॉर्म काही सांगत नाहीत. स्वतःला आधी आणि नंतर गुण देण्याची पद्धतही फसवी आहे. आधी माणूस स्वतःला भरपूर गुण देतो, कारण काय येत नाही हेच माहीत नसतं. मग शिकून झाल्यावर गुण कमी दिसतात. त्यापेक्षा सत्रानंतरच एकत्र विचारा: 'आत्ता किती येतं, आणि आज जे कळलं त्यावरून सकाळी किती येत होतं?' खरा पुरावा मात्र नोंदींतच मिळतो. प्रशिक्षणाआधीच्या वीस आणि नंतरच्या वीस नोंदी नावं काढून मिसळा, बाहेरच्या दोघांना कॅमेऱ्याची कसोटी लावायला सांगा आणि किती टिकतात ते मोजा.

सहा आठवड्यांनी तीच माणसं एका तासासाठी परत बोलवा. येताना प्रत्येकाने स्वतः लिहिलेली एक नोंद आणि केलेल्या किंवा राहून गेलेल्या एका संवादाची माहिती आणायची. राहून गेलेले संवाद जास्त महत्त्वाचे. का राहिलं ते फळ्यावर लिहा: जागा नव्हती, वेळ नव्हता, वरिष्ठांची भीती होती, कुणाला सांगायचं ते कळलं नाही. ती यादी त्याच दिवशी अधिष्ठात्यांकडे द्या आणि प्रत्येक अडचणीपुढे एका महिन्यात लेखी उत्तर मागा. पुढच्या तुकडीचं सत्र त्या उत्तरांच्या वाचनाने सुरू करा.